२४५० रुपयांत न बसणारं लेकरू

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या पट्ट्यात एक निवासी शाळा आहे, बौद्धिक अक्षम मुलांची, अनुदानित. मान्य संख्या पन्नास. दिवाळीच्या तोंडावर पटावर सेहेचाळीस लेकरं होती, म्हणजे चार जागा रिकाम्या होत्या आणि तरीबी एका पोराला प्रवेश द्यायचा की नाही यावर संस्थेत खल चालला होता. मी तिथला हिशोब बघतो त्यामुळं या खलात मला बसावं लागलं. शाळेचं नाव, गाव, तालुका मुद्दाम टाकत नाही, कारण एक तर लेकराचा प्रश्न आहे आणि दुसरं म्हणजे अशी शाळा तुमच्या तालुक्यातबी असेलच.

पोरगा चौदा वर्षांचा. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगाच्या सरकारी ओळखपत्रावर, ९० टक्के, म्हणजे तीव्र गटातला. फिट येते, गोळ्या चालू आहेत. चालतो पण कुणीतरी दंडाला धरावं लागतं. लघवी-संडासचं कळत नाही. बोलत नाही, पण ट्रॅक्टरचा आवाज आला की हसतो आणि ताट पुढं ठेवलं की आधी वास घेतो, मगच खातो, हे अधीक्षकांनी पहिल्याच भेटीत फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेतलेलं, कारण फॉर्मवर असल्या गोष्टींना रकानाच नाही. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दोघांचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, दिवाळी झाली की टोळी हलणार. आजी सांभाळायची ती वारली. धाकट्या दोघांची सोय गावातच हंगामी वसतिगृहात झाली, पण तिथं ह्याला कोण घेणार? आई म्हणाली, "सर, मागल्या साली फडावर नेलता. आमी उसात आन् ह्यो कोपीत एकटा. चुलीत पडता पडता वाचला. तेवढं गुढीपाडव्यापस्तोर तरी ठिवून घ्या."

जागा आहे, कागद पुरे आहेत, गरज तर समोर दिसतीय. मग अडलं कुठं? अडलं दरावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुदानित निवासी शाळेत शिक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी यांचे पगार सरकार वेगळे देतं. लेकराच्या नावावर जे येतं ते परिपोषण अनुदान, आणि त्यातून दोन वेळचं जेवण, नाष्टा, कपडे, अंथरूण-पांघरूण, तेल, साबण, सगळं भागवायचं. साध्या अनुदानित वसतिगृहाला एका मुलामागं महिन्याला १५०० मिळायचे ते वाढून २२०० झाले आणि एचआयव्हीबाधित आणि बौद्धिक अक्षम निवासी मुलांसाठी १६५० चे २४५० झाले. वाढ झाली तेव्हा आम्हालाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, एकदम आठशे म्हणजे जवळपास निम्म्यानं वाढ आणि पेपरातबी तशीच बातमी. पण २४५० ला तीसनं भागलं की दिवसाला ८१ रुपये आणि वर काही पैसे हातात येतात, आणि हा आकडा सगळ्या लेकरांना एकच. जो स्वतःच्या हातानं जेवतो, स्वतः आंघोळ करतो, रांगोळी काढतो त्याला ८१ आणि ज्याचं सगळंच दुसऱ्यानं करायचं त्यालाबी ८१.

एक गोष्ट मला कायम खटकते ती इथंच सांगून टाकतो. त्याच शाळेत, त्याच सरकारच्या पैशावर, शिक्षकाच्या पगाराला महागाई भत्ता आहे. केंद्रानं जानेवारी आणि जुलैचा भत्ता वाढवला की राज्यबी मागं-पुढं वाढवतं, त्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. शिक्षकाला मिळू नये असं माझं म्हणणं नाही, मिळालंच पाहिजे. पण ज्या महागाईनं शिक्षकाचं तेल महागतं त्याच महागाईनं लेकराच्या भाजीतलं तेल महागतं की नाही? लेकराचा दर मात्र मंत्रिमंडळाच्या बैठकीत विषय आला तरच हलतो. मधली सगळी वर्षं तो गोठलेला, आणि ती तूट संस्था भरते, किंवा ताट भरतं. ताट भरतं म्हणजे काय ते ज्यांनी पातळ वरण बघितलंय त्यांना कळेल.

तर प्रवेशाचा निर्णय अंदाजावर नको म्हणून आम्ही आधी एका साध्या महिन्याचा खर्च मांडला. सण नाही, सुट्टी नाही, कुणाचा वाढदिवस नाही अशा महिन्याचा. किराणा, भाजी, दूध, गॅस सगळं धरून जेवण-नाष्ट्याचं एका लेकरामागं १७१० पडलं, म्हणजे दिवसाला ५७ रुपये. तेल-साबण-टूथपेस्ट, कपडे धुवायची पावडर मिळून १८०. कपडे आणि चादरी वर्षाच्या खर्चाला बारानं भागून १५०. दवाखाना आणि औषधं सरासरी ९०. लाईटबिल, पाणी, उन्हाळ्यातल्या टँकरचा खर्च वर्षावर पसरून २४०. बेरीज २३७०. म्हणजे चालू दरात शाळा कशीबशी बसते, महिन्याला लेकरामागं ८० रुपये शिल्लक आणि ती शिल्लकसुद्धा कागदावरची.

कागदावरची का, तर हप्ता कधी वेळेवर येत नाही. किराणा उधारीवर चालतो. आणि उधारीचा भाव वेगळा असतो बरं का, हे दर ठरवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. आमचा दुकानदार चांगला माणूस आहे, पण रोखीनं घेतलं तर तूरडाळीला जो भाव लावतो त्याच्यापेक्षा सहा महिन्यांनी पैसे देणाऱ्याला किलोमागं चार-पाच रुपये जास्त लावतो, आणि त्यात त्याची काय चूक? त्याचेबी पैसे अडकलेत. थोडक्यात, दर २४५० असला तरी उशिरा मिळालेले २४५० हे २४५० नसतात. दराचा फेरविचार करायला बसणाऱ्या कुठल्याबी समितीनं आधी विचारायला पाहिजे की पैसे कधी पोचतात.

आता ह्या पोराचा हिशोब. वरचे २३७० तर आहेतच. त्यात डायपर. मोठ्यांच्या मापाचं डायपर घाऊक घेतलं तरी बावीस रुपयाला एक पडलं. दिवसाला दोन धरा, कमीत कमी, एक रात्रीचं आणि एक दिवसाचं, तर महिन्याचे १३२०. चादरी रोज धुवायच्या, रबरशीट, जास्तीची पावडर, डेटॉल, याचे १५०. फिटच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण ज्या महिन्यात स्टॉक नसतो त्या महिन्यात मेडिकलमधून आणाव्या लागतात आणि ही गोळी एक दिवसबी चुकवून चालत नाही, म्हणून २५० धरले. इथपर्यंत ४०९०.

आणि मग रात्र. रात्री दोन-तीन वेळा उठून कूस बदलणं, ओलं बदलणं, फिट आली तर कुशीवर वळवून धरणं, हे काम शाळेत आधीच तीन लेकरांसाठी चालू होतं आणि ते एकाच मावशीवर होतं, जी दिवसाबी असते. चौथा घेतला तर रात्रीला जास्तीचं माणूस लागणारच. आमच्याकडं रात्रपाळीला नऊ हजाराच्या खाली बाई मिळत नाही, आणि मिळूबी नये. ते नऊ हजार चार लेकरांवर वाटले तर एकाचे २२५०. सगळी बेरीज ६३४०. सरकारकडून येणार २४५०. तूट ३८९०, एका लेकराची, एका महिन्याची.

हा कागद मिटिंगमध्ये ठेवला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सचिव बोलले. सचिव म्हणजे वाईट माणूस नाही, स्वतःच्या शेतातली ज्वारी दरवर्षी शाळेला घालणारा माणूस. पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, "अधीक्षक साहेब, जागा रिकामी हाय म्हणून काय झालं? ह्या एकाच्या पैशात मला हलकी दोन लेकरं घेता येतेत." हलकी लेकरं. हा शब्द आमच्या क्षेत्रात सगळे वापरतात, तोंडावर नाही पण चहाच्या टपरीवर नक्की. सगळ्या लेकरांना एकच दर लावला की संस्था आपोआप हलकी लेकरं शोधायला लागते आणि जड लेकरांना "सध्या जागा नाही, पुढच्या वर्षी बघू" असं सांगते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. दरच तसं शिकवतो. सरकारला वाटतं आपण तीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठी शाळा चालवतोय, आणि पटावर बघावं तर ५० आणि ७५ टक्केवाली लेकरं भरलेली, ज्यातली काही तर घराजवळच्या साध्या शाळेतबी बसली असती.

दुसरा पर्याय कुणीतरी हळूच काढला की आईबापाकडून महिन्याला दीड-दोन हजार घ्यावेत, ऊसतोडीत दोघं कमावतात. अधीक्षकांनी तो तिथंच बंद केला. अनुदानित शाळा आहे, पावती कशाची फाडणार, आणि उचल घेतलेल्या माणसाच्या हातात हंगाम संपेस्तोवर रोख असते कुठं? उलट उचल फिटली नाही तर तेच मुकादमाचे देणेकरी होऊन परत येतात. मला अधीक्षकांचं पटलं. शिवाय एकदा का अशी चिल्लर सुरू झाली की पुढच्या लेकराच्या वेळी पहिला प्रश्न टक्केवारीचा नसतो, खिशाचा असतो.

तिसरं म्हणजे दाता शोधायचा. दाते मिळतात, नाही असं नाही. पण दात्याला फोटो काढता येईल असं द्यायला आवडतं. स्कूलबॅग, मिठाई, ब्लँकेट, वाढदिवसाचं गोड जेवण. डायपरचे चार खोके द्या म्हणलं की समोरचा माणूस थोडा मागं सरकतो. रात्रपाळीच्या बाईच्या पगाराला तर कुणाचंच नाव लागत नाही.

याच मिटिंगमध्ये मी कायद्याचा मुद्दा मांडला, तो जरा सविस्तर लिहितो कारण तो बऱ्याच संस्थांच्या निवेदनात येतच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेबद्दल आहे. त्यात परंतुक, म्हणजे जोडअट, आहे की अशा योजनांमध्ये दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. आता साध्या वसतिगृहाच्या मुलाला २२०० आणि आमच्याला २४५०. फरक अडीचशेचा, म्हणजे साधारण ११ टक्के. आधीच्या दरात १५०० आणि १६५०, तिथं फरक बरोबर १० टक्के. म्हणजे दर वाढवतानाबी जुनंच प्रमाण पुढं ओढलं, कायद्यातलं २५ टक्के कुणाच्या डोक्यात आलंच नाही असं दिसतं. २२०० वर २५ टक्के धरले तर किमान २७५० होतात. परिपोषण अनुदान हे त्या कलमातल्या 'योजनेत' बसतं का यावर वकील वाद घालतील, घालू देत, पण निवेदनात हा मुद्दा लिहायला काय हरकत आहे? आणि तुलनाच करायची तर आणखी एक बघा, संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीला आता महिन्याला २५०० केलेत, बाकीच्या लाभार्थ्यांना १५०० असताना. ते योग्यच केलं. पण मग घरी राहणाऱ्याला हातखर्चाला २५०० आणि चोवीस तास सांभाळायच्या लेकराला जेवणखाण-कपड्यासकट २४५०, हे गणित कुणी एका टेबलावर मांडून बघितलंय का?

अर्थात २७५० केले तरी आमचा पोरगा बसत नाही. इथंच सचिवांचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, सरळ पाच हजार मागा, सगळ्यांना सारखे, भांडायचंच तर मोठ्या आकड्यासाठी भांडा. माझं म्हणणं, सरसकट पाच हजार मागितले तर एक तर मिळणार नाहीत आणि मिळाले तर हलक्या लेकरांच्या शाळा अजून वाढतील, कारण २३७० मध्ये भागणाऱ्या लेकरावर पाच हजार मिळाले तर जड लेकरू कोण घेतंय? तूट राहिली तर ती जड लेकरावर राहते आणि नफा झाला तर तो हलक्यावर होतो. दर मदतीच्या गरजेप्रमाणं पायऱ्यांचा पाहिजे.

मग विषय ऑस्ट्रेलियावर गेला, कारण अधीक्षकांच्या भाचीनं तिकडं केअर वर्करचं काम केलंय. तिथं २०१३ पासून राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना आहे. प्रत्येक माणसाच्या नावावर त्याच्या गरजेप्रमाणं वर्षाचा निधी, आणि सेवा देणारा तासाला जास्तीत जास्त किती लावू शकतो याची सरकारी यादी. त्या यादीचा दरवर्षी फेरविचार होतो आणि नवे दर साधारण १ जुलैपासून लागतात. त्या यादीत साध्या मदतीचा दर वेगळा आणि फिट, नळीनं खाऊ घालणं असल्या जोखमीच्या कामाचा वरचा दर वेगळा. रात्रीचा वेगळा, शनिवार-रविवारचा वेगळा. आणि दुर्गम भागात तीच सेवा दिली तर ४० टक्के जास्त, अतिदुर्गम असेल तर ५० टक्के जास्त. बालाघाटात फिजिओथेरपिस्ट यायला तयार होत नाही याचं कारण ज्यांना कळतं त्यांना त्या ४० टक्क्यांची किंमत कळेल.

पण तिकडं सगळं गोड आहे असंबी नाही. २०२५ च्या फेरविचारात त्यांनी फिजिओथेरपीचा तासाचा दर १९३.९९ डॉलरवरून १८३.९९ वर आणला आणि थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेचे पैसे निम्मे केले. लगेच ओरड झाली की गावाकडं घरी जाऊन थेरपी देणारे आता येणार नाहीत. शिवाय कमाल दर ठरला की बहुतेक जण त्याच आकड्याला जाऊन चिकटतात, खाली कुणी येत नाही, ही तक्रारबी जुनीच. म्हणून मी त्यांची यादी उचलून इथं लावा असं म्हणत नाहीये, त्यांचे पगार काय, आपले काय. घेण्यासारखं एवढंच की दर का वाढवला, का कमी केला याचं कारण ते छापून देतात, आणि पुढच्या वर्षी परत बसणार हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडं २४५० हा आकडा कशाच्या बेरजेतून आला, त्यात तूरडाळ किती धरली, डायपर धरलं की नाही, हे मला तरी कुठल्या कागदात सापडलं नाही.

शेवटी निर्णय काय झाला ते सांगतो. निर्णय मिटिंगमध्ये नाही झाला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाला. दिवसा सांभाळणाऱ्या मावशी आमचा तो कागद ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, दिवसाला डायपर कशाला लागतंय? मला जुनी लुगडी द्या सुती, लंगोट शिवते मी. दर दोन तासाला बसवलं तर लेकरू शिकतंय बी. आधीचं एक शिकलं न्हाई का?" खरंच होतं ते, आधीच्या तिघांपैकी एक जण वेळेवर बसवून बसवून दिवसाचा कोरडा राहायला लागला होता. मग हिशोब बदलला. दिवसाचं डायपर गेलं तर ६६० वाचले, धुण्याचा खर्च शंभरानं वाढला, म्हणजे ५६० कमी. ६३४० चे ५७८०. तूट ३३३०. अजून मोठीच, पण सचिवांच्या चेहऱ्यावर फरक पडला, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की रात्रपाळीच्या बाईचा पगार पाडव्यापर्यंत ते गावातल्या दोन-तीन जणांकडून उभा करतील, पुढचं पुढं.

पोराला प्रवेश मिळाला. एक अट आम्हीच आमच्यावर घालून घेतली की ह्या चार लेकरांच्या जास्तीच्या खर्चाची वेगळी नोंदवही ठेवायची, रोज, मावशीच्या सहीसकट. किती लंगोट, किती डायपर, रात्री किती वेळा उठावं लागलं, कुठली गोळी बाहेरून आणली, कितीला. निवेदनात "खर्च परवडत नाही" हे वाक्य सगळेच लिहितात. तारखेवार वही फार कमी जण जोडतात.

त्या वहीच्या आधारानं मग प्रस्ताव तयार केला. मागणी अशी की मूळ दर कायद्याप्रमाणं साध्या वसतिगृहाच्या दराच्या किमान सव्वापट ठेवा, आणि तो महागाई भत्त्याबरोबर आपोआप हलू द्या. त्याच्यावर दोन पायऱ्या: जेवण-आंघोळ-संडासला अर्धी मदत लागणाऱ्याला एक जादा रक्कम, पूर्ण मदत लागणाऱ्याला दुसरी. पायरी कशी ठरवायची यावर आमचा बराच वेळ गेला. सगळ्यात सोपं म्हणजे कार्डावरचे टक्के, कारण ५०, ७५, ९०, १०० असे गट तिथं छापूनच आलेत. पण टक्के बुद्धीचे असतात, शौचाचे नाहीत. आमच्याकडं ९० टक्केवाली एक मुलगी स्वतः आंघोळ करून, वेणी घालून प्रार्थनेला उभी राहते आणि ७५ टक्केवाला एक मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळं चमचाबी धरू शकत नाही. नुसत्या टक्क्यांवर पायऱ्या बांधल्या तर मुलीवर जास्तीचे पैसे येतील आणि मुलगा उपाशी राहील. कायद्याच्या कलम ३८ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी मूल्यांकन मंडळाची तरतूद आहे, त्याच मंडळानं पायरी ठरवावी असं आम्ही लिहिलं. शाळेनं ठरवू नये, हे मुद्दाम लिहिलं. कारण शाळेवर सोडलं तर एका रात्रीत सगळी लेकरं पूर्ण मदतवाली होतील, आणि आपल्या क्षेत्रात पटावर लेकरं असणारी पण खोल्यांत नसणारी शाळा कुणी बघितलीच नाही असं सोंग मी तरी घेणार नाही.

जिल्ह्याच्या कार्यालयात प्रस्ताव घेऊन गेलो तर तिथले बाबू बरेच समजूतदार निघाले. वही चाळली, एका पानावर थांबले, "रात्री चार वेळा?" असं विचारलं. मग म्हणाले, "साहेब, तुमचं सगळं बरोबर हाय, पण मी हे टाकू कुठं? जादा मदतीचं हेडच न्हाई. हेड असल्याशिवाय रुपयाबी निघत न्हाई." ज्यांनी सरकारी पैसा बघितलाय त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. हेड म्हणजे लेखाशीर्ष, सरकारी खर्चाचं ठरलेलं खातं; ते नाही तर तरतूद नाही, तरतूद नाही तर दर नाही, आणि दराची मागणी आल्याशिवाय नवं लेखाशीर्ष उघडायचा विषय कुणी काढत नाही. तरी त्यांनी प्रस्ताव घेतला, आवक नंबर दिला आणि वर पाठवला, एवढं खरं.

पोरगा रुळला आहे. थंडीत एकदा मोठी फिट आली होती, नव्या बाईनं नीट धरलं, दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही. दिवसा लंगोटाचं जमायला लागलंय, पण रोज नाही. वही चालू आहे. प्रस्तावावर वरून त्रुटी निघाली की चारही लेकरांच्या जास्त आधाराच्या गरजेचं मूल्यांकन मंडळाचं प्रमाणपत्र जोडावं. दवाखान्यात विचारलं तर तिथं म्हणाले असं प्रमाणपत्र अजून कुणाला दिलेलं नाही, फॉरमॅट द्या, देऊ. फॉरमॅटसाठी वरच्या कार्यालयाला पत्र टाकलंय, आणि त्याच पत्रात खाली हेबी लिहिलंय की टोळी परत आली तरी आईला हे लेकरू इथंच ठेवायचं आहे, तेव्हा पाडव्यानंतरच्या रात्रपाळीचं काय ते कळवावं.